दुसऱ्याची नाडी

"ही तिची नाही गं. ही तुझीच आहे," ट्यूटरबाई म्हणाल्या, आणि प्रात्यक्षिकाच्या खोलीत हशा पिकला.

हसण्यासारखंच होतं. नर्सिंग शाळेचा पहिलाच आठवडा, पांढऱ्या बुटांना अजून सुरकुतीसुद्धा पडलेली नाही, आणि जोड्या लावून एकमेकींची नाडी मोजायला दिलेली. जिला बाई हे म्हणाल्या तिच्या वाट्याला तिच्याच खोलीतली मुलगी आली होती, जिला पहिल्या दिवसापासून सगळ्या बडबडी म्हणायला लागल्या होत्या. तिने मोठ्या आत्मविश्वासाने बडबडीचं मनगट धरलं. नाडी ही एकच गोष्ट तिला इथे येण्याआधीपासून येत होती. बाईंनी बडबडीचं दुसरं मनगट धरलं आणि छातीवर उलट्या टाचलेल्या घड्याळावर नजर लावली. मिनिट संपल्यावर ती म्हणाली, अठ्ठ्याण्णव. बाईंच्या मोजणीत सत्तर. एकाच मुलीचा एक हात पळतोय आणि दुसरा रमतगमत चाललाय, असं कसं होईल? बाईंनी काही न विचारता तिचाच मोकळा हात ओढून घेतला, तीन बोटं टेकवली, पुन्हा घड्याळाकडे बघितलं, आणि मग ते वाक्य म्हणाल्या. "अंगठ्याने धरलंस ना? अंगठ्यात आपली स्वतःची नाडी उडत असते. म्हणून अंगठा बाजूला आणि ही तीन बोटं. नाहीतर पेशंट मोजायला जाल आणि स्वतःला मोजून याल. पेशंटचं सोडा, टेबलाचा पाय धरलात तरी नाडी लागेल." एका मुलीने लगेच खरोखरच टेबलाचा पाय धरला आणि ओरडली, "आहे बाई, जीव आहे अजून!" बाईसुद्धा हसल्या. "दरवर्षी एक तरी अशी निघतेच," असं त्या म्हणाल्या, ते तिला बरं वाटावं म्हणूनच असणार. तीही हसली, पण सगळ्यांच्या मागून आणि एकटीच. मग कोणाचं लक्ष नाहीसं बघून तिने टेबलाच्या कडेवर अंगठा दाबून धरला. लाकूड धडधडत होतं.

हजेरीपटावर तिला नाव होतं, पण ते पुकारलं की आपल्या मागे कोणीतरी उभं आहे असं तिला वाटायचं. घरात ती धाकटी होती. थोरली एकच, ताई, आणि मग ही धाकटी. स्वतःशी बोलतानाही ती स्वतःला धाकटीच म्हणायची. 'धाकटे, नखं काप. धाकटे, केस बांध, बाई येतील.' त्या दिवशी तास संपेपर्यंत ती स्वतःशीही काही बोलली नाही. पुढचा तास बिछान्याचा होता. शाळेत एक मोठी रबरी बाहुली होती, तिला मुली मावशी म्हणत. मावशी सगळं सोसायची. तिला कुशीवर वळवा, तिच्याखालची चादर ओढा, तिच्या नाकात नळी घाला, तक्रार नाही. चादरीचा कोपरा पाकिटासारखा दुमडून गादीखाली असा खोचायचा की त्याची एक रेघ सरळ खाली उतरली पाहिजे. धाकटीचा कोपरा पहिल्याच फटक्यात जमला. बाईंनी सगळ्यांना बोलावून दाखवला. जमणारच होता. कापडाची घडी कशी बसवायची हे इस्त्रीवाल्याच्या पोरीला शिकवावं लागत नाही. पण बाई कौतुक करत असताना धाकटीचं लक्ष मावशीच्या मनगटाकडे होतं. इथेही लागली असती. मावशीलाही अठ्ठ्याण्णव लागली असती. तोपर्यंत ती नुसती गोंधळली होती. आता तिला कळलं की आपण बडबडीचा विचार करतच नाही आहोत. आपण बाबांचा विचार करतोय.

बाबांचं दुकान जिन्याखाली होतं. एक टेबल, त्यावर जुनं घोंगडं, एक जड इस्त्री आणि पाण्याचा फवारा. उभं राहून राहून त्यांच्या पायांच्या शिरा सुजल्या, पण हात मात्र बाराही महिने ऊबदार. थंडीत शाळेतून आल्यावर दोघी बहिणी त्यांच्या दोन तळहातांत आपापला गाल ठेवायच्या, एकीला एक. भांडण होऊ नये म्हणून देवाने दोन हात दिले, असं बाबा म्हणायचे. पुढे छाती साथ देईना, जिना उतरणं बंद झालं, दुकानाला कुलूप लागलं, आणि तीन-चार महिने वाट बघून ताईने ती किल्ली जागेच्या मालकाला देऊन टाकली. बाबांना न विचारता. त्या दिवसापासून बाबा ताईशी बोलेनासे झाले. भांडले असते तर बरं झालं असतं. ते धाकटीमार्फत बोलायचे. ताई समोर बसलेली असायची आणि ते म्हणायचे, "धाकटे, तिला सांग, चहा पातळ झालाय." ताई म्हणायची, "धाकटे, त्यांना सांग, दूध संपलंय." हाताच्या अंतरावरच्या दोन माणसांमध्ये धाकटी दिवसभर टपाल वाहायची, आणि खोटं कशाला बोला, तिला त्यात थोडा मोठेपणाही वाटायचा. एरवी धाकट्यांना कोण विचारतं?

ज्या दुपारी ते गेले त्या दुपारी ताई कामावर होती. ती कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात गल्ल्यावर बसायची. धाकटी घरात एकटी. बाबांचा श्वास सकाळपासून अडखळत होता, मग हळू झाला, मग इतका हळू की चादर हलते की नाही ते कळेना. तेव्हा तिने त्यांचं मनगट धरलं. धरतात हे तिला माहीत होतं, कसं धरतात ते कोणी शिकवलं नव्हतं. तिने ते वाटीसारखं मुठीत घेतलं आणि अंगठा दाबला. आणि नाडी लागली. इतकी स्पष्ट, इतकी ठणठणीत की तिला रडू फुटलं. तिने एका हाताने ताईला फोन लावला आणि दुसरा हात सोडला नाही. सोडला असता तर, असं तिला वाटत होतं, तिथल्या तिथे संपलं असतं. बाबांचा हात गार होत चालला होता. तिने त्याच्यावर पांघरूण ओढलं. सगळ्या आयुष्यात जो हात कधी गार पडला नव्हता तो गार पडतोय, आणि ती पांघरूण ओढते, हे आता चादरीचा कोपरा खोचताना तिला दिसलं आणि स्वतःच्या अडाणीपणाची तिला शिसारी आली.

ताई धावत आली. छातीवर दुकानाचा बिल्ला तसाच. दारातूनच म्हणाली, "आहेत?" धाकटी म्हणाली, "आहेत. नाडी चालू आहे." ताई पलंगापाशी खाली बसली, बाबांच्या गुडघ्यांवर डोकं टेकलं आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, मध्ये टपाल न घालता, त्यांच्याशी बोलली. "बाबा, किल्ली मी तुम्हाला न विचारता दिली. जागा अडली होती म्हणून नाही दिली. मला वाटलं, तुम्ही आता परत उभे राहत नाही. तुम्ही उमेद धरून होता आणि मी सोडली. चुकलं माझं. बाबा, ऐकताय ना?" आणि तेव्हा धाकटीच्या अंगठ्याखाली नाडी धावायला लागली. सुसाट. ती ओरडली, "ताई, बघ, जोरात चालली! ऐकतायत ते! त्यांना कळतंय सगळं!" ताई हसली आणि रडली, दोन्ही एकदम, आणि पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिली. थोड्या वेळाने, ताईने येता येता बोलावलेल्या डॉक्टरांची पावलं जिन्यावर वाजली, तेव्हा धाकटीने जागा द्यायला म्हणून हात सोडला. डॉक्टरांनी मनगट धरलंच नाही. मानेला बोटं लावली, डोळ्यांत विजेरी मारली आणि विचारलं, "कधी गेले?" धाकटी म्हणाली, "आत्ता. तुम्ही वर येत होतात तेव्हा." डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं. मग ताईकडे बघितलं. मग "बरं" म्हणाले. ते 'बरं' तिला तेव्हा रुक्ष वाटलं होतं. आता त्याचा अर्थ लागला, आणि तो अर्थ जिला सांगावा असं आसपास कोणी नव्हतं.

संध्याकाळी वसतिगृहात बडबडी आपल्या गावच्या, आपल्या मामाच्या, आपल्या मामाच्या म्हशीच्या गोष्टी सांगत होती आणि धाकटी खाटेवर पाय जवळ घेऊन बसली होती. खोली दोघींची. दोन लोखंडी खाटा, दोन कपाटं, एक खिडकी, खिडकीबाहेर इस्पितळाच्या धुलाईघराची भिंत आणि तिच्यातून येणारी वाफ. ओल्या गरम कापडाचा वास खोलीत भरायचा. पहिल्या दिवशी त्या वासाने तिला घरच्यासारखं वाटलं होतं. आज तिने खिडकी लावून घेतली. "काय गं, नाडीचं मनाला लावून घेतलंस की काय?" बडबडी म्हणाली. "अगं, मी तर मावशीच्या तोंडात थर्मामीटर उलटा घातला. मेली काही बोलली पण नाही." धाकटी म्हणाली, "नाही गं, डोकं दुखतंय." डोकं दुखतंय म्हटलं की माणसं गप्प बसतात. बडबडी गप्प बसली, तिने दिव्यावर ओढणी टाकून उजेडसुद्धा कमी केला, आणि धाकटीला तिच्या चांगुलपणाचा राग आला. इतकं चांगलं वागणाऱ्या माणसाला काही सांगता येत नाही.

सांगणार तरी काय? की आपण इथे आलो त्याच्या मुळातच काही नाही? बाबा गेल्यावर ताई उठून उभी राहिली ती त्या नाडीच्या जोरावर. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगायची, "माझं सगळं ऐकून गेले. धाकटीच्या हातात होती नाडी. मी बोलायला लागले तशी धावायला लागली." सांगताना तिचा चेहरा उजळायचा. शेजारच्या काकूंनी धाकटीचा हात हातात घेऊन बघितला आणि म्हणाल्या, "पोरीच्या हाताला कळतं हो." मग मजल्यावर कोणालाही कणकण आली की धाकटीला बोलावणं यायचं. ती मनगट मुठीत धरायची, डोळे मिटायची आणि सांगायची, "आहे थोडा ताप." बरोबरही यायचं कधीकधी. आंधळ्याच्या हातीही कधी ससा लागतोच. एक दिवस ताईच म्हणाली, "तू नर्स हो. हा हात घरात वाया घालवायचा नाही." आणि मग ताई हात धुऊन मागे लागली. अर्ज तिने आणला, गणवेशाला टीप तिने घातली, बूट तिने घेतले, एक नंबर मोठे, उभं राहून पाय सुजतात हे इस्त्रीवाल्याच्या घरात सगळ्यांना माहीत. मुलाखतीत विचारलं, "नर्स का व्हायचंय?" धाकटीने बाबांच्या नाडीची गोष्ट सांगितली. पढवलेली नव्हती, मनापासून सांगितली. सांगताना आपल्याच मनगटावर धरूनही दाखवलं, असं, असं धरलं होतं म्हणून. मधल्या खुर्चीवरच्या बाईंनी डोळे पुसले. कोपऱ्यातल्या ट्यूटरबाई तेवढ्या खाली बघून पेनचं टोपण लावत बसल्या. त्यांनी तेव्हाच बघितलं असेल का? टेबलाच्या पायाचा विनोद करताना त्यांना ती गोष्ट आठवत होती का? दुसऱ्या दिवशी वर्गात धाकटी बाईंचा चेहरा निरखत बसली. बाईंचा चेहरा फळ्यासारखा पुसलेला. त्या हाडांची नावं सांगत होत्या.

ते दिवस कसे गेले ते तिला सांगता आलं नसतं. सकाळी उठायचं, अंबाडा घट्ट घालायचा, हात कोपरापर्यंत धुवायचे, वर्गात बसायचं. मुली बरोबर असायच्या, जेवायला, यायला, जायला. एकीच्या पायात काटा रुतला तर सगळ्या मिळून काढायच्या, प्रत्येकीला नर्स व्हायची घाई. पण धाकटी त्या घोळक्यात चालताना आपण एखाद्या खोट्या तिकिटावर गाडीत बसलोय तशी चालायची. तिला वाटायचं, आपल्याला आयुष्यात जे जे दुसऱ्याचं म्हणून कळलं, ते सगळं असंच आपलंच असेल. बाबा रागावलेत असं वाटायचं तेव्हा आपणच घाबरलेले असू. ताई सुखी आहे असं वाटतं तेव्हा आपल्यालाच सुटल्यासारखं वाटत असेल. माणसाला हात लावला आणि माणूस कळलं, असं कधी झालंच नसेल तर? हा विचार तिला जेवताना यायचा, चमचा तोंडाशी थांबायचा, आणि समोरची मुलगी म्हणायची, "मीठ कमी आहे ना? मलाही वाटलं." धाकटी म्हणायची, हो, कमी आहे.

तिने ठरवलं की रविवारी ताई भेटायला येईल तेव्हा सांगून टाकायचं आणि तिच्याबरोबर घरी परत जायचं. ताईपासून तिने कधी काही लपवलं नव्हतं. एका पांघरुणात वाढलेल्या दोघी. लपवायला जागाच नव्हती. पण सांगितलं तर काय होणार हेही तिला ठाऊक होतं. ताई त्या खोलीत पुन्हा एकदा पलंगापाशी खाली बसेल, आणि या वेळी समोर कोणी नसेल. ताईने चुकलं माझं, चुकलं माझं म्हटलं, ते कोणालाच म्हटलं नाही, असं होईल. आणि नाही सांगितलं तर ताई आयुष्यभर जिथे उभी राहील ती जमीन खोटी आहे हे एकट्या धाकटीला माहीत असेल. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. कपाटाच्या तळाशी तिची पिशवी होती, ती तिने शुक्रवारी काढली आणि गुपचूप भरायला घेतली.

शनिवारी पहिल्यांदा वॉर्डात नेलं. खऱ्या माणसांचा वॉर्ड बाहुलीच्या खोलीपेक्षा कितीतरी गोंगाटाचा होता, भांडी, खोकले, कोणाचा तरी नातेवाईक फोनवर मोठ्याने सांगतोय की इथे फोन लागत नाही. बाईंनी एकेकीला एकेक पेशंट दिला. "नाडी मोजा. नंतर हात तसाच धरून ठेवा आणि श्वास मोजा. पेशंटला सांगायचं नाही श्वास मोजतोय म्हणून. सांगितलं की माणूस श्वास सावरून घेतो." धाकटीला खिडकीजवळचा म्हातारा मिळाला. बस चालवायचा म्हणे, आता फुप्फुसांत पाणी. डोळे मिटून पडला होता. तिने मनगट घेतलं, अंगठा वर उचलून धरला, जसा काही तो भाजलाय, आणि तीन बोटं टेकवली. काहीच नाही. सरकवली. काहीच नाही. दाबली, सैल सोडली. कातडी, हाड, आणि बाकी शांत. तिच्या कानात रक्त घुमायला लागलं. बाबांच्या हाताला खरंतर असंच लागायला हवं होतं, असं, काहीच नाही, आणि आपण घट्ट अंगठा दाबून बसलो. तिने म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघितलं. चादर हलते का? कळेना. बाईंना हाक मारावी म्हणून तिने तोंड उघडलं आणि म्हाताऱ्याने एक डोळा उघडला.

"काय, गेलो का मी?" तो म्हणाला.

"नाही, नाही आजोबा, मला सापडत नाहीये."

"मग तसं सांग की. मला वाटलं, मलाच कळवायचं राहिलं." हसताना त्याला खोकला आला, तो संपेपर्यंत ती थांबली. "नवीन दिसतेस. माझी जरा आत असते. एवढ्या सुया टोचून घेतल्या की तीही घाबरून आत बसलीय. दाबू नकोस. नुसतं ठेव हात."

तिने नुसती ठेवली बोटं. बराच वेळ काही नाही. मग आतून काहीतरी येऊन मधल्या बोटाला टेकलं आणि गेलं. पुन्हा आलं. थांबलं. दोनदा घाईने आलं, पुन्हा थांबलं. ती मोजायला लागली आणि चुकली, कारण तिची स्वतःची छाती वेगळंच काही म्हणत होती आणि ही नाडी तिच्याशी जुळतच नव्हती. तिला कशाचीच पर्वा नव्हती, धाकटीच्या घाबरण्याची नाही, तिच्या नव्या बुटांची नाही. ती म्हाताऱ्याची होती, वेडीवाकडी, दमलेली, सगळीच्या सगळी त्याची. आयुष्यात पहिल्यांदा धाकटीच्या बोटांना दुसरं माणूस लागलं होतं. त्याचा तिला आनंद झाला का? झाला. आणि त्याच आनंदात तिला कळलं की बाबांचं हे तिला कधीच लागलं नव्हतं. ते ऊबदार हात तिने इतके धरले, पण त्यांची नाडी कशी होती, ठाम की दमलेली, सरळ की अडखळणारी, ते तिला माहीत नाही आणि आता कळणारही नाही. तिचे डोळे भरून आले. तिने नाडी पहिल्यापासून मिनिटभर मोजली, आणि मग हात तसाच धरून ती श्वास मोजू लागली. म्हाताऱ्याला ते कळलं असावं, कारण त्याने मुद्दाम खिडकीबाहेर बघितलं. बाईंनी येऊन दुसरं मनगट धरलं, घड्याळाकडे बघितलं, धाकटीचा आकडा ऐकला आणि "हं" म्हणून पुढच्या खाटेकडे गेल्या. दोन पावलांवर थांबून, मागे न बघता म्हणाल्या, "असंच करायचं."

रविवारी ताई आली. वसतिगृहाच्या पडवीत भेटायला येणाऱ्यांसाठी बाक होते, त्यातला कडेचा तिने धरून ठेवला होता. बुटांत घालायला मऊ तळवे आणले होते, खोबरेल तेलाची बाटली होती, केस धुवायचा साबण होता. वर खोलीत धाकटीची पिशवी भरून खाटेखाली तयार होती. "वाळलीस," ताई म्हणाली, आणि लगेच, "पण बघ कशी दिसतेस. परवा दुकानात एक बाई आली होती, गल्ल्यापाशीच रडायला लागली. तिचे वडील गेले आणि ती वाटेत होती. पोहोचली नाही. मी तिला आत नेऊन पाणी दिलं. आणि धाकटे, मला इतकं वाईट वाटलं, कारण मला आतून बरं वाटत होतं. की मी पोहोचले. तुझ्यामुळे पोहोचले. असं वाटू नये ना माणसाला?"

"वाटतं," धाकटी म्हणाली. "ताई, मला तुला काहीतरी सांगायचंय."

"सांग की."

समोरच्या बाकावर एक मुलगी आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. धाकटी शब्द जुळवू लागली. पहिलं वाक्य तिने आठवडाभर घोकलं होतं. ताईने तिचा हात ओढून घेतला. "थांब, आधी मला बघू दे. मलाही येतं का बघते. घरात तू सगळ्यांची बघायचीस, तुझी कोणी बघितलीच नाही." तिने धाकटीचं मनगट मुठीत घेतलं, वाटीसारखं, आणि अंगठा दाबला. क्षणभर भुवया जवळ आल्या, आणि मग सगळा चेहरा उघडला. "लागली! अगं लागली! केवढी जोरात आहे गं! बाबांची अशीच लागत होती का तुला?"

धाकटी त्या अंगठ्याकडे बघत राहिली. गल्ल्यावर नोटा मोजून मोजून त्याचं टोक गुळगुळीत झालं होतं. घोकलेलं वाक्य आता लागणारच नव्हतं. नुसतं 'अंगठा काढ' म्हटलं असतं तरी झालं असतं. ताई हुशार होती, पुढचं तिचं तिने जोडलं असतं, इथेच, या बाकावर, लोकांदेखत. कोणी खोटं बोलायला सांगत नव्हतं. त्या दुपारी ती खोटं बोलली नव्हती, तिला तसंच लागलं होतं. आज जे बोलेल ते मात्र सगळं समजून बोललेलं असेल, आणि ते तिला जन्मभर एकटीला सांभाळावं लागेल, ताईशीसुद्धा न बोलता. ताईशी तर मुळीच न बोलता. तिला आपल्या या थोरल्या बहिणीची इतकी माया वाटली आणि त्याच वेळी ती इतकी लांब गेल्यासारखी वाटली की तिला दोन्ही धरवेना.

"हो," ती म्हणाली. "अशीच लागत होती."

"हो ना?" ताई म्हणाली. डोळे पुसायला तिने दुसरा हात वापरला, हा सोडला नाही. "काय सांगणार होतीस?"

"काही नाही. इथे जेवणात मीठ कमी असतं."

"एवढंच ना? पुढच्या खेपेला मीठ आणते," ताई म्हणाली. "आता गप्प बस, मला मोजायची आहे. एक मिनिट मोजतात ना?"

"एक मिनिट. मी घड्याळ बघते, तू मोज."

पिशवी जेवणाच्या घंटेआधी रिकामी करायला हवी होती, बडबडीने बघितली तर शंभर प्रश्न विचारील. धाकटीने भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा बाराला टेकू दिला आणि म्हणाली, "हं, सुरू."

ताई ओठ हलवत मोजू लागली. धाकटीच्या खांद्याला रग लागली, तिने हात जरासा सरकवला.

"हलू नकोस ना," ताई म्हणाली.

धाकटी हलली नाही.